मठ पाहायचा तर मुदपाकखान्यासकट

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पोर्तुगालच्या सहलीवर आलेला पानभर लेख आमच्या गावच्या वाचनालयात बऱ्याच जणांनी वाचला आणि एकाने तर त्याचे कात्रण करून घरी नेले. एरवी परदेशाविषयीचे लेख आमच्याकडे वरवर चाळले जातात; परंतु अलीकडे दारव्हा-दिग्रससारख्या तालुक्यांतूनही माणसे युरोपला जाऊ लागली आहेत. कुणाचा मुलगा तिकडे नोकरीला असतो, कुणाच्या हाती निवृत्तीची रक्कम आलेली असते, आणि चारधाम-रामेश्वर झाले, आता जरा लांब जाऊ, असे म्हणणारी जोडपीही आहेत. अशा वाचकाच्या हाती हा लेख पडतो तेव्हा तो त्यावरून सहल ठरवतो आणि पैसे भरतो, म्हणून त्यातल्या एका उणिवेकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते.

लेखात चर्च एका चौकटीत, जुन्या इमारती दुसरीत आणि खाद्यपदार्थ तिसरीत दिले होते. सहल कंपन्यांची पत्रकेही याच धाटणीची असतात. पोर्तुगालच्या बाबतीत ही विभागणी चुकीची आहे, असे तो देश पाहून आल्यावर माझे ठाम मत झाले आहे. तिथली देखणी जुनी इमारत पुष्कळदा मठाची असते, तो मठ एखाद्या राजाच्या नवसाचा किंवा विजयाचा असतो, आणि आज मिठाईच्या दुकानात जे मांडलेले दिसते त्यातले बरेचसे अशाच मठांच्या चुलीवर प्रथम शिजलेले असते. यातले एक वगळले की उरलेल्या दोहोंचा अर्थ नीट लागत नाही.

लिस्बनच्या बेलेम भागातला जेरोनिमोस मठ घ्या. राजा मानुएल पहिला याने १५०१ च्या सुमारास त्याचे काम सुरू करवले. आफ्रिकेतून आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावर सुमारे पाच टक्के कर होता, त्यातून या बांधकामाला पैसा पुरवला गेला. त्या मालात मसाल्यांचा वाटा मोठा होता, म्हणजे आपल्या मलबारच्या मिरीनेही त्या भिंतींचा खर्च उचलला आहे. खांबांवर आणि कमानींवर दगडात कोरलेले जहाजाचे दोरखंड, पोवळी आणि खगोलगोल दिसतात; या राजाच्या नावावरून या शैलीला मानुएलीन म्हणतात. चर्चच्या आत प्रवेशद्वाराजवळ वास्को द गामा आणि महाकवी कामोइंश यांच्या समाध्या आहेत. गामा १५२४ मध्ये वारला तो कोचीला, आणि त्याच्या अस्थी या मठात येऊन पोहोचल्या त्या एकोणिसाव्या शतकात.

आता याच मठाच्या शेजारच्या दुकानाकडे वळू. पोर्तुगालमधल्या यादवी युद्धात उदारमतवादी पक्षाचा जय झाला आणि १८३४ मध्ये नव्या सरकारने पुरुषांचे सर्व धार्मिक संघ बरखास्त करून त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली. संन्यासिनींच्या मठांना नवी दीक्षा देण्याची बंदी झाली आणि शेवटची संन्यासिनी वारली की मठ बंद करायचा, असे ठरले. पोटापाण्याची सोय गेलेल्या या लोकांजवळ विकण्यासारखी एक गोष्ट होती, ती म्हणजे मिठाईची कृती. बेलेमच्या मठाची कृती जवळच्या साखरेच्या कारखान्याकडे गेली आणि १८३७ पासून तिथे पिवळ्याधमक बलकाच्या, वरून किंचित करपवलेल्या छोट्या वाट्या विकल्या जाऊ लागल्या. देशभर हाच प्रकार पाश्तेल द नाता या नावाने मिळतो. बेलेमचे नाव मात्र त्या एका दुकानालाच लावता येते. या मिठायांत अंड्याचा बलक इतका का, याचे उत्तरही मठातच सापडते. संन्यासिनींच्या वस्त्रांना खळ देण्यासाठी आणि दारू गाळून स्वच्छ करण्यासाठी अंड्याचा पांढरा भाग वापरला जाई, बलक उरे, आणि आधी मदेइराहून व पुढे ब्राझीलहून येणारी साखर हाताशी असे. त्या साखरेमागे गुलामांची मजुरी होती, हेही वाटी तोंडात घालताना ठाऊक असावे.

आमच्या सहलीत बेलेमचा दिवस सोमवार ठेवलेला होता, आणि सोमवारी तो मठ बंद असतो. मार्गदर्शकाने आम्हाला बाहेरून भिंती दाखवल्या, दुकानासमोरच्या रांगेत उभे केले आणि गाडीत बसवले. सहल संपल्यावर आम्ही उभयता भाच्याकडे मागे राहिलो, म्हणून आत जाता आले. बाकीची मंडळी नुसती वाटी खाऊन परतली. इतके पैसे घेणाऱ्या कंपनीला साधा सोमवार कळू नये, याचे मला आजही नवल वाटते.

याहून मोठी हळहळ आल्कोबासाची. सिस्टर्शियन संन्याशांचा हा मठ ११५३ मध्ये स्थापन झाला. त्याच्या चर्चमध्ये रंग नाही, सोने नाही, भिंतीवर चित्र नाही. उंच निमुळते पांढरे खांब आणि त्यांच्यामधून येणारा उजेड, बस. त्या उघड्याबोडक्या जागेत समोरासमोर दोन अत्यंत नाजूक कोरीव समाध्या आहेत. राजपुत्र पेद्रू याची प्रिया इनेश हिला त्याच्या बापाच्या हुकमाने १३५५ मध्ये मारण्यात आले. पुढे स्वतः राजा झाल्यावर त्याने तिची समाधी इथे करवली आणि आपली समाधी तिच्या पायांकडे पाय येतील अशी ठेववली, म्हणजे कयामतीच्या दिवशी उठताच दोघांची नजर आधी एकमेकांवर पडावी. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्रेंच सैनिकांनी धनाच्या आशेने या समाध्या फोडल्या. ती तुटफूट अजून दिसते.

आणि तिथून आत गेले की स्वयंपाकघर. मी आजवर पाहिलेल्या कोणत्याही वाड्यात किंवा देवस्थानात असे स्वयंपाकघर पाहिलेले नाही. मधोमध चुलाण्यावरचे धुराडे आहे, तेही पांढऱ्या फरशांनी मढवलेले आणि इतके उंच की मान पूर्ण मागे टाकल्याशिवाय त्याचे तोंड दिसत नाही. एका बाजूला दगडी हौद आहे आणि त्यात आल्कोआ नदीचे पाणी पाटाने थेट आत आणलेले आहे. भाजी धुवायला पाणी, मासे ताजे ठेवायला पाणी, भांड्यांना पाणी, सारे वाहते. ज्यांनी चर्चमध्ये एकही दागिना चढू दिला नाही त्यांनी स्वयंपाकघर मात्र असे बांधले, यातली गंमत मला फार आवडली. भोजनगृहात भिंतीच्या आतून चढत जाणारा दगडी जिना आहे; वर उभे राहून एक संन्यासी धर्मग्रंथ वाची आणि खाली बाकीचे मुकाट जेवत. दर नोव्हेंबरात याच मठात जुन्या मठांच्या मिठायांचा आणि मद्यांचा मेळा भरतो. आमच्या कंपनीने इथे अर्धा तास दिला आणि त्यातलाही निम्मा वेळ गाडीजवळ पुरी-भाजीचे डबे वाटण्यात गेला. भोजनगृहाच्या दारात जाऊन डब्यातली गार पुरी खाण्यासाठी कुणी यवतमाळहून निघत नाही.

बाताल्या आणि तोमार यांविषयी आपल्या लेखात पुरेसे आले आहे, म्हणून मी एवढेच जोडतो की बाताल्याचा मठ १३८५ च्या आल्जुबारोता येथील विजयानंतर राजा जुआंव पहिला याने बांधायला घेतला, त्याचे काम शतकभराहून अधिक काळ चालले, आणि तरीही मागच्या बाजूची राजसमाध्यांची मंदिरे छताविनाच राहिली. त्यांना अपुरी मंदिरे असेच म्हणतात आणि माझ्या मते सगळ्या मठात तीच सर्वांत सुंदर आहेत. तोमारला टेंपलर योद्ध्यांचे गोल चर्च आहे. त्याच गावात पंधराव्या शतकातले यहुद्यांचे प्रार्थनास्थळही आहे. गाडी तिथे थांबत नाही, पण पायी सहज जाता येते.

फातिमाबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आमच्या भागातल्या माणसाला तेच स्थान सर्वांत जवळचे वाटेल. मे ते ऑक्टोबर १९१७ या काळात लुसिया, फ्रान्सिस्को आणि जासिंता या मेंढरे राखणाऱ्या तीन मुलांना तिथल्या माळावर मेरी मातेचे दर्शन झाले, अशी श्रद्धा आहे. धाकटी दोघे पुढच्या दोन-तीन वर्षांतच फ्लूच्या साथीत दगावली; २०१७ मध्ये, शंभर वर्षे पूर्ण होत असताना, पोप फ्रान्सिस यांनी तिथे येऊन त्या दोघांना संतपद दिले. १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यांतली एक गोळी इथल्या मूर्तीच्या मुकुटात बसवलेली आहे. माझा वर मांडलेला सिद्धांत या ठिकाणी लागू पडत नाही, हे कबूल केले पाहिजे: इथली सगळी बांधकामे विसाव्या आणि एकविसाव्या शतकातली आहेत, इथे जुना मुदपाकखाना नाही आणि जेवणही साध्या हॉटेलांतले आहे. इथे पाहायची ती माणसे.

मोठ्या पटांगणातून छोट्या मंदिराकडे जाणारी गुळगुळीत दगडाची एक पट्टी आहे आणि तिच्यावरून लोक गुडघ्यांवर चालत जातात. पन्नाशीच्या एका बाईने गुडघ्यांना कापडी पट्ट्या बांधल्या होत्या आणि तिच्या बाजूने तिचा मुलगा असावा असा एक तरुण तिची पर्स खांद्याला अडकवून तिच्याच गतीने चालत होता. ती थांबली की तो थांबे, पण हात देत नसे. बाजूला मेणबत्त्यांचा भला मोठा भट्टीवजा जाळ असतो आणि दुकानांत मेणाचे हात, पाय, डोके विकायला असतात. ज्या अवयवाचे दुखणे असेल तो वाहायचा. देवीला चांदीचे डोळे वाहणाऱ्या आपल्या लोकांना यात काही समजावून सांगावे लागत नाही. १३ मे आणि १३ ऑक्टोबर या दिवसांसाठी देशभरातून माणसे पायी येतात, रस्त्याने चमकदार जाकिटे घालून चालतात आणि वाटेवर त्यांच्यासाठी निळे बाण रंगवलेले असतात. शेगावला पायी जाणाऱ्या आमच्या गावकऱ्यांना ती वाट पाहूनच ओळख पटली असती.

तथापि फातिमाचा खरा सोहळा रात्री असतो. अंधार पडल्यावर जपमाळेची प्रार्थना होते, प्रत्येकाच्या हातात कागदी आवरणातली मेणबत्ती असते आणि मूर्तीची मिरवणूक निघते. सहल कंपन्या दुपारी पोहोचून चहाच्या वेळेला गाडी काढतात, कारण तिथला मुक्काम त्यांना वाया गेल्यासारखा वाटतो. ज्यांना स्वतःहून जायचे आहे त्यांच्यासाठी एक सूचना: फातिमा नावाचे रेल्वे स्थानक आहे, पण ते देवस्थानापासून वीसेक किलोमीटर दूर आहे. लिस्बनहून बसनेच जावे.

दक्षिणेकडच्या आलेंतेझू प्रांताविषयी लेखात एक ओळही नव्हती. मोठमोठ्या जमीनदारांची गव्हाची शेते आणि त्यांवर राबणारे भूमिहीन मजूर, असा या प्रांताचा इतिहास आहे, आणि तो त्यांच्या ताटात उतरलेला आहे. एव्होरा शहरात रोमन काळातल्या देवळाचे खांब उभे आहेत, आणि फ्रान्सिस्कन संन्याशांनी माणसांच्या हाडांनी व कवट्यांनी भिंती मढवलेले एक प्रार्थनागृह आहे. त्याच्या दारावर लिहिले आहे की इथे असलेली आम्ही हाडे तुमच्या हाडांची वाट पाहत आहोत. एवढे वाचून बाहेर आल्यावर भूक लागेल असे वाटले नव्हते, पण लागली. जवळच्या एका खाणावळीत आम्ही आसोर्दा मागवला. लसूण, मीठ आणि जुडीभर हिरवा सांबार (कोथिंबीर) कुटून वाडग्यात घालतात, त्यावर ऑलिव्हचे तेल सढळ हाताने, मग उकळते पाणी, आणि त्यात शिळ्या पावाचे तुकडे. वर पाण्यात शिजवलेले अंडे सोडतात. उरलेल्या भाकरीचे कुटके करून खाणाऱ्या आपल्या माणसाला हे ताट परके वाटणार नाही. काही ठिकाणी साध्या पाण्याऐवजी मासे उकडलेले पाणी घेतात, म्हणून शाकाहारी माणसाने आधी विचारून घ्यावे.

त्यांचा राष्ट्रीय पदार्थ म्हणावा असा बाकाल्याव, म्हणजे खारवून वाळवलेला कॉड मासा, हाही धर्माशी जोडलेला आहे. चर्चच्या नियमानुसार उपवासाच्या दिवसांत मांस वर्ज्य असे आणि वर्षात असे दिवस पुष्कळ असत. समुद्रापासून दूरच्या गावांतही टिकेल असा मासा हवा होता. तो त्यांच्या किनाऱ्यावर मिळतही नाही, आज बहुतांशी नॉर्वेहून येतो. शिजवण्यापूर्वी दिवस-दोन दिवस पाणी बदलत भिजवून त्याचा खार काढावा लागतो. उत्तरेकडे आल्येइरा नावाचा एक सॉसेज मिळतो. १४९७ मध्ये यहुद्यांना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले, तेव्हा डुकराचे मांस खात असल्याचा देखावा करण्यासाठी त्यांनी पाव आणि कोंबडी भरून तो बनवला, असे सांगतात. लिस्बनमध्ये सांव दोमिंगोश चर्चसमोर १५०६ च्या यहुदी हत्याकांडाचे स्मारक आहे. गोव्यातल्या इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, इतिहास ठाऊक असलेल्या आपल्या लोकांनी ते दगडही जरूर पाहावेत. सोन्याने मढवलेल्या वेदी पाहून झाल्यावर तर विशेषच.

माझी पत्नी माळकरी आहे, त्यामुळे माळकऱ्याने तिकडे काय खावे याची माहिती मी अनुभवाने देऊ शकतो. मठांच्या मिठायांत अंडे असतेच, आणि तोसिन्यू दू सेउ या बदामाच्या मिठाईत परंपरेने डुकराची चरबीही पडते, म्हणून मिठाई सोडूनच द्यावी. काल्दू व्हेर्द हे बटाटा आणि बारीक चिरलेल्या हिरव्या पाल्याचे सूप चवीला उत्तम, परंतु त्यात सॉसेजची चकती टाकतात. भाज्यांचे साधे सूप त्याहून निर्धोक. मक्याच्या पिठाचा ब्रोआ हा पाव, ऑलिव्ह, टोमॅटोचा भात आणि शरद ऋतूत रस्त्यावर भाजून विकतात ती चेस्टनट फळे, यांवर दिवस निघतो. सेरा द इश्त्रेला डोंगराळ भागातले मेंढीच्या दुधाचे चीज विशेष सांगण्यासारखे आहे, कारण ते दूध गोठवण्यासाठी वासराच्या आतड्यातला पदार्थ न वापरता एका काटेरी झाडाच्या फुलांचा अर्क वापरतात. लिस्बनच्या लुमियार भागात राधाकृष्णाचे मंदिर आहे. मोझांबिकमधून तिकडे गेलेल्या गुजराती कुटुंबांचा त्या समाजात मोठा भरणा आहे आणि मंदिरात शाकाहारी जेवण मिळते. तिखट मात्र बरोबर न्यावे. भिवापूरचा शेतकरी जी मिरची पिकवतो ती अमेरिका खंडातून पोर्तुगीजांनीच भारतात आणली, पण त्यांच्या स्वतःच्या जेवणात ती नावालाच असते. टेबलावर न मागता आणून ठेवलेला पाव, लोणी आणि ऑलिव्ह फुकट नसतात. हात लावला तर पैसे पडतात, न खाल्ल्यास परत न्यायला सांगता येते.

उत्तरेकडचे पोर्तो आणि ब्रागा आमच्या सहलीत नव्हते, भाच्याबरोबर घाईने झाले. पोर्तोच्या सांव बेंतू स्थानकात भिंतींवर सुमारे २०,००० निळ्या-पांढऱ्या फरशांवर देशाचा इतिहास चितारलेला आहे, आणि ते स्थानकही अशाच एका बंद पडलेल्या मठाच्या जागेवर उभे आहे. ब्रागाजवळच्या बॉम जेझूश देवस्थानाला नागमोडी पायऱ्या आहेत. पाच ज्ञानेंद्रियांचे झरे वाटेत लागतात, त्यांतल्या मूर्तींच्या डोळ्यांतून, कानांतून, नाकातून पाणी वाहते. गुडघे दुखत असतील त्यांच्यासाठी १८८२ पासून पाण्याच्या वजनावर चालणारी रेल्वे आहे: वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरतात, तो उतरतो आणि खालचा वर ओढला जातो.

संपादक महोदय, आपण या विषयावर पुन्हा पान काढणार असाल तर हॉटेलांच्या ताऱ्यांऐवजी अशी माहिती द्यावी, ही विनंती. नागपूर-अमरावतीच्या सहल आयोजकांनाही सांगणे आहे की स्पेनच्या सहलीला पोर्तुगालचे शेपूट लावणे आता थांबवावे. लिस्बनखेरीज फातिमा, आल्कोबासा आणि एव्होरा येथे एकेक मुक्काम ठेवावा आणि निदान एक वेळचे जेवण तरी तिथल्याच स्वयंपाकाचे द्यावे, ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी सहलीबरोबरचे स्वयंपाकी महाराज आहेतच. जाणाऱ्यांनीही पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: बेलेमला कोणत्या वारी नेणार, आल्कोबासाच्या मठात आत नेणार की बाहेरूनच, आणि फातिमाला रात्री थांबणार की नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ